कथेत पार्श्वभूमी कधी आणि किती सांगावी?

कथा समजण्यासाठी वाचकाला काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पात्रे कोण, त्यांचे नाते काय, काळ कोणता, आधी काय घडून गेले? ही माहिती पुरवण्याला पार्श्वभूमी मांडणे किंवा 'एक्स्पोझिशन' म्हणतात. ती अपुरी पडली तर वाचक गोंधळतो. पहिल्याच पानावर सगळी ओतली तर तो कथा मिटवून ठेवतो.

अडचण जुनीच

संस्कृत नाटककारांनाही हा प्रश्न सोडवावा लागला होता. रंगमंचावर न दाखवलेल्या घटना प्रेक्षकांना कळाव्यात म्हणून 'विष्कंभक' आणि 'प्रवेशक' असे छोटे प्रवेश योजले जात. मोजक्या पात्रांच्या बोलण्यातून मधला दुवा जोडला की मुख्य नाट्य पुढे सरके. आधुनिक कथेत अशी वेगळी जागा सहसा नसते. तिथे माहिती प्रसंगातच मिसळावी लागते.

नवखे पात्र

त्यासाठी एक सोपा मार्ग म्हणजे परक्या ठिकाणी आलेले पात्र. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीत एक तरुण शिक्षक धनगरांच्या वस्तीवर नोकरीसाठी येतो. वस्तीची रीत त्याला ठाऊक नाही, वाचकालाही नाही. शाळा चालवायची तर त्याला ती माणसे समजून घ्यावीच लागतात. त्यामुळे वस्तीची माहिती वेगळी सांगितल्यासारखी वाटत नाही.

माहितीच जेव्हा घाव घालते

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात याहून धारदार उपाय दिसतो. गावात प्रयोगासाठी आलेली नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला रचतात. आरोपी म्हणून लीला बेणारेला उभे करतात. खेळ रंगतो तसे तिचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते. प्रेक्षकाला तिचा भूतकाळ कळतो, पण तो कळवण्यासाठी नाट्य थांबत नाही. ती माहिती उघड होणे हेच नाट्य असते.

नेहमीची चूक

दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट ते एकमेकांना सांगू लागले की संवाद खोटा वाटतो. हे वाक्य पाहा:

"तुला माहीतच आहे ताई, बाबा गेल्यावर काकांनी आपली आंब्याची बाग बळकावली."

भाऊ हे बहिणीला सांगत नाही, लेखक वाचकाला सांगतो आहे. तीच गोष्ट अशीही येऊ शकते:

"काकांकडून आंबे आलेत."
"आत नको आणूस."
"बाबांनी लावलेल्या झाडाचे आहेत गं."
"म्हणूनच."

इथे बाग कुणाची होती, आता कुणाकडे आहे आणि ताईच्या मनात काय सलते आहे, याचा अंदाज येतो. नेमके काय झाले, हा प्रश्नही वाचकाला पडतो. असा प्रश्न पडल्यानंतर आलेले दोन ओळींचे सरळ निवेदनही तो आवडीने वाचतो. निवेदनातून माहिती देणे चूक नाही. कुणी विचारण्याआधीच ती देत सुटणे ही चूक आहे.

दुसऱ्या खर्ड्यात काय तपासावे?

पहिल्या खर्ड्यात माहिती जास्त होणे साहजिक आहे, कारण तेव्हा लेखक स्वतःच कथा समजून घेत असतो. नंतर मात्र माहिती देणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारावी आणि तीन प्रश्न विचारावेत:

• हे वाक्य काढले तर पुढचा प्रसंग कळतो का? कळत असेल तर काढून टाका.
• वाचकाला हे आत्ताच हवे आहे का? नसेल तर पुढे ढकला.
• हे कळल्याने कथेतल्या कुणाचे काही बिघडते किंवा सुधारते का? तसे असेल, तर ते निवेदनात उरकू नका. त्या पात्राच्या समोर घडू द्या.

एक अपवाद लक्षात ठेवावा. कोण बोलते आहे आणि प्रसंग कुठे घडतो आहे, ही साधी माहिती मात्र लवकर द्यावी. ती लपवल्याने उत्सुकता वाढत नाही, वाचक फक्त चाचपडत राहतो.