पक्ष्यांचे छायाचित्रण : जवळीक हवी, उपद्रव नको

बेंगळुरू : वन्य पक्ष्याचे जवळून छायाचित्र घेण्यासाठी त्याचा पाठलाग करण्यापेक्षा त्याला आपल्या उपस्थितीची सवय होऊ देणे अधिक उपयुक्त ठरते. बेंगळुरूपासून सुमारे ८० किलोमीटरवरील कोक्करे बेळ्ळूर गावात पेलिकन आणि चित्रबलाक घरांलगतच्या झाडांवर घरटी करतात. ग्रामस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्याने ते माणसांना फारसे बुजत नाहीत. सलीम अली यांच्या सूचनेवरून १९४० मध्ये स्थापन झालेल्या, कावेरीतील रंगनथिट्टू अभयारण्यात हेच पक्षी नावेतून टिपता येतात.

मात्र, विणीच्या काळात अतिउत्साह घातक ठरतो. माणूस घरट्याजवळ येताच पक्षी उडून जातात. अंडी उन्हात तापतात आणि पिल्ले कावळे-घारींच्या तावडीत सापडतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे.

त्यामुळे दूरचे टिपणारी लेन्स वापरावी, एका जागी स्थिर बसावे, घरट्यासमोरील फांद्या तोडू नयेत आणि ध्वनिमुद्रित आवाजाने पक्ष्यांना बोलावू नये. पक्षी चरणे थांबवून मान उंचावू लागला, की तो सावध झाला असे समजावे आणि मागे सरावे.