चार भाषांचे गाव, एका भाषेची नोंद

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. गावात तिला ‘गड्डा’ म्हणतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज पेलत मिरवणुकीने तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी येतात आणि तिथे एक लग्न लागते. आख्यायिका अशी, की एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याचा हट्ट धरला. संन्यस्त सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. नंदीध्वज हे त्या योगदंडाचे प्रतीक. या लग्नात मंगलाष्टके नसतात. ‘संमती’ वाचली जाते, आणि ती कन्नडमध्ये असते. कन्नड अजिबात न कळणारी माणसेही योग्य त्या क्षणी अक्षता टाकतात. सात नंदीध्वजांपैकी पहिला देवस्थानचा, तर सहावा आणि सातवा मातंग समाजाकडे. यात्रेतल्या विधींची नावेही कन्नडच आहेत. अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो ते ‘यण्णीमज्जन’, आणि शेवटी नंदीध्वजांची वस्त्रे उतरवतात ती ‘कप्पडकळ्ळी’. मराठी बोलणारा सोलापूरकर हे शब्द आपलेच म्हणून वापरतो.

या गावाचा सांस्कृतिक इतिहास मराठीत लिहायला घेतला की मात्र हे शब्द ‘धार्मिक परंपरा’ या कप्प्यात जातात आणि ‘साहित्य व कला’ या कप्प्यात वेगळी यादी येते. रामजोशी, कवी कुंजविहारी, कवी संजीव, दत्ता हलसगीकर, निर्मलकुमार फडकुले, त्र्यं. वि. सरदेशमुख, गो. मा. पवार. यादी मोलाची आहे. सरदेशमुखांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला 2003चा आणि पवारांच्या विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्राला 2007चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2006 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, तेव्हा अध्यक्षपदी मारुती चितमपल्ली हे सोलापूरचेच सुपुत्र होते. पण ही यादी गावाच्या एका भाषेची आहे. 2011च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गाव एक आणि नोंदवह्या चार, अशी ही स्थिती आहे. तिची कारणे आणि तिने होणारे नुकसान, या दोन्हींचा विचार इथे करायचा आहे.

दगडावरचा आणि काव्यातला पुरावा

सोलापूरपासून फार लांब नसलेल्या हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके 940चा, म्हणजे इ.स. 1018चा शिलालेख आहे. काळाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. नोकरी सांभाळून आयुष्यभर जिल्ह्यातले शिलालेख धुंडाळणारे सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. या लेखाची सुरुवात संस्कृत वळणाची आणि शेवट मराठी आहे. आसपासच्या गावांतले चालुक्यकाळातले कितीतरी लेख मात्र कन्नड आहेत. म्हणजे मराठी इथे लेखी अवतरली तीच दुसऱ्या भाषांच्या शेजाराने.

पुढच्याच शतकात सिद्धराम आले. गावाचे तेव्हाचे नाव सोन्नलिगे. सिद्धरामांनी तळे खोदवले, मंदिरे उभारली आणि कन्नड वचने रचली. कल्याणच्या शरण चळवळीत बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. तेराव्या शतकातला कवी राघवांक याने त्यांच्या जीवनावर कन्नड काव्य लिहिले. कन्नड वाङ्मयाचा विद्यार्थी सोन्नलिगे हे नाव अभ्यासक्रमात वाचतो, तर सोलापूरच्या मराठी शाळेतल्या मुलाला सिद्धेश्वर ठाऊक असतो तो ग्रामदैवत म्हणून. ज्याच्या तळ्याकाठी आपण संध्याकाळी फिरायला जातो तो कवी होता, ही गोष्ट त्याच्या पाठ्यपुस्तकात येत नाही.

पेशवाईच्या उत्तरार्धातला रामजोशी हा या दोन जगांमधला दुवा म्हणता येईल. कीर्तन-पुराण सांगणाऱ्या ब्राह्मण घरातला हा मुलगा तमाशाच्या फडात रमला, घराबाहेर पडला, पंढरपुरात संस्कृत शिकला आणि पुन्हा डफाकडे वळला. संस्कृत आणि कानडी या दोन्हींचा वापर त्याच्या रचनांत आढळतो. 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला आणि तो महाराष्ट्रभर पोहोचला. पण पोहोचला तो लावणी आणि भक्ती यांच्यातल्या ओढाताणीचा नायक म्हणून. बाजारपेठेच्या गावात, अनेक भाषा कानावर पडणाऱ्या श्रोत्यांपुढे उभा राहिलेला शाहीर ही त्याची ओळख मागे राहिली.

मागावरची भाषा

1877 साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. तिलाच लोक पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. त्याआधीपासूनच तेलंगणातून पद्मशाली विणकर इकडे येत होते. गिरण्या आणि हातमाग यांमुळे ही वाट रुंदावली. साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक हा ‘पूर्व भाग’ तेलुगूभाषकांचा झाला. पुरुष मागावर आणि स्त्रिया विडी वळायला, अशी अनेक घरांची विभागणी होती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा हा सारा भाग रस्त्यावर येतो.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती ‘उत्पादन’ म्हणून सर्वमान्य झाली. तिच्यातली कला मात्र आपण फारशी पाहिली नाही. चादरीवरचा मोर किंवा वेल आधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एकेक चौकोन म्हणजे एकेक धाग्याचा निर्णय. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात, त्या जेकार्डवर चढवतात आणि भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जाऊन चित्र उमटते. हातमागावर माणसांचे हुबेहूब चेहरे विणणारे भित्तिपटांचे कारागीरही याच गावात झाले. सोलापूरच्या चित्रकलेविषयी लिहिताना हा नक्षीकागद करणारा माणूस आपल्याला आठवत नाही, कारण त्याचे नाव चादरीवर नसते. तिथे असते ते कारखान्याचे लेबल.

या वस्तीतून लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखा लेखक आला. तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषांत त्यांनी लिहिले आणि दोहोंमध्ये अनुवादाची ये-जा सुरू ठेवली. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘एका साळियाने’. साळी म्हणजे विणकर. आपल्या जातीचा धंदा आणि आपले लेखन यांना त्यांनी एका शब्दात बांधले. ते मराठीत लिहीत नसते, तर मराठी वाचकाला पूर्व भागातले हे घर आतून दिसले नसते. जे केवळ तेलुगूत लिहीत राहिले त्यांची घरे आपल्याला अजूनही दिसत नाहीत.

1930च्या चार नावांत

सोलापूरच्या मुख्य नाट्यगृहाचे नाव ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ आहे. मे 1930मध्ये गोळीबारानंतर काही दिवस शहरातून इंग्रजांचा अंमल उठल्यासारखा झाला आणि मग मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही नावे सलग वाचली तरी गावाची घडण कळते. त्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. त्यांचे हौतात्म्य दरवर्षी स्मरले जाते. संपादक म्हणून, सोलापुरातल्या वृत्तपत्रसृष्टीतले एक नाव म्हणून, त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुस्लिम घरांतून मराठी कलेला मिळालेले देणे हा जिल्ह्याचा वेगळा अध्याय आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाले. करमाळ्याचे यू. म. पठाण संतसाहित्याचे अभ्यासक आणि 1990च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. सोलापूरच्या फैयाज यांनी 1967च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये झरीना उभी केली. पंढरपुरात जन्मलेल्या आणि सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेल यांनी पुढे ‘घाशीराम कोतवाल’ दिग्दर्शित केले. ही नावे आपण अभिमानाने घेतो, कारण ती मराठीत आली. त्याच मोहल्ल्यांतला उर्दू मुशायरा मात्र आपल्या ‘नाट्य-संगीत परंपरे’त धरला जात नाही.

भिंती कधी उभ्या राहिल्या

यामागे कोणाचा दुष्टावा आहे असे मला वाटत नाही. कारणे व्यवस्थेत आहेत. 1956पर्यंत सोलापूर, विजापूर आणि धारवाड एकाच मुंबई राज्यात होते आणि निजामाचे पूर्वीचे हैदराबाद संस्थान शेजारी होते. भाषावार प्रांतरचना झाली आणि सोलापूर महाराष्ट्राच्या कडेला आले. एवढेच झाले असते तर चालले असते. पण ते एकाच वेळी तीन भाषांच्या कडेला आले. कन्नडचे केंद्र बंगळुरू, तेलुगूचे हैदराबाद, मराठीचे पुणे-मुंबई. विद्यापीठे, अकादम्या, पुरस्कार, पाठ्यपुस्तक मंडळे भाषेप्रमाणे आणि राज्याप्रमाणे बांधली गेली. सोलापुरात तेलुगू लिहिणारा कवी हैदराबादेला परप्रांतीय आणि पुण्याला परभाषक ठरला.

शाळांनीही तेच केले. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व योग्यच, आणि त्यासाठी या शहरात चारही माध्यमांच्या शाळा निघाल्या. पण एका गल्लीतली मुले चार शाळांत गेली आणि एकमेकांच्या कविता त्यांनी कधी वाचल्या नाहीत. ती एकत्र आली ती गिरणीच्या खात्यात, मिरवणुकीत आणि सिनेमाच्या रांगेत. बोलताना भाषा मिसळत राहिल्या, छापताना वेगळ्या राहिल्या. सोलापुरी मराठीचा जो हेल इतरत्र चेष्टेचा विषय होतो, तो या बोलण्यातल्या मिसळणीचाच पुरावा आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ 1984 साली आले, तेव्हा सीमेवरचे हे जगणे मराठी पुस्तकात उतरले. असे प्रसंग मोजकेच.

आता काय हातचे जाते आहे

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. माग कमी झाले, पूर्व भागातली मुले पुण्याला संगणकाच्या नोकऱ्यांत गेली. तेलुगू, कन्नड माध्यमातून शिकण्यापेक्षा इंग्रजी बरी, हा पालकांचा हिशेबही समजण्यासारखा आहे. आजी तेलुगूत बोलते आणि नातू मराठीत किंवा हिंदीत उत्तर देतो. मांडीवर सूप घेऊन विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या घोळक्यातली गाणी छापलेली नसतात. ती गाणारी गेली की संपतात. यात्रा टिकेल, रथही निघेल. कारण विधीला वाचकाची गरज नसते. साहित्याला असते.

म्हणून सोलापूरच्या पुढच्या सांस्कृतिक इतिहासाची सुरुवात एका साध्या कामापासून व्हावी. चारही भाषांतल्या लेखनाची, नाटकांची, नियतकालिकांची एकच सूची, लेखकांच्या जन्मगावाप्रमाणे नव्हे तर कर्मगावाप्रमाणे. शहराला 2004पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. चारही भाषा येणारे शिक्षक, निवृत्त कामगार, जुने वाचक अजून गावात आहेत. नक्षीकागद करणाऱ्यांची नावे विचारून लिहून घेता येतील. सिद्धरामांची निवडक वचने कन्नड आणि मराठीत समोरासमोर छापून शाळांना देता येतील. याला मोठा निधी लागत नाही. शेजाऱ्याच्या कपाटात काय आहे याची उत्सुकता लागते.

संमती कट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाला कन्नड येत नसले तरी अक्षता कधी टाकायच्या हे ठाऊक असते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी उभे राहून त्याने ते शिकून घेतले आहे. त्या शब्दांचा अर्थ त्याला कोणी सांगितला नाही, एवढेच राहिले आहे.