चार भाषांच्या गावात दोन चुलतभाऊ

‘कलोनियल कझिन्स’ या जोडीच्या पहिल्या अल्बमला २०२६ मध्ये तीस वर्षं झाली. त्यातलं एक गाणं मी कौतुकानं भाच्याला ऐकवलं, तर त्यानं विचारलं, "मामा, हे कुठल्या पिक्चरमधलं?" प्रश्न जिव्हारी लागला. गाणं म्हणजे पिक्चरचंच, ही समजूत आमच्या तरुणपणी मोडीत निघाली होती. ती आता माझ्याच घरात परत आलेली दिसली.

त्या अल्बमआधीची वर्षं भरभर ओलांडावीत अशीच. रेडिओ, गणपतीतले ऑर्केस्ट्रा आणि त्यांत तीच सिनेमाची गाणी. १९९२ मध्ये बाबा सेहगल, १९९५ मध्ये अलिशा आणि दलेर मेहंदी आले, आणि पडद्याच्या आधाराशिवायही गाणं घरोघरी पोचतं हे दिसलं. मग १९९६ मध्ये ‘कलोनियल कझिन्स’ म्हणून हरिहरन आणि लेस्ली लुईस आले.

एक मुंबईत वाढलेला तमिळ घरातला. आईवडील कर्नाटक संगीतातले, तर गुरू गुलाम मुस्तफा खाँ. दुसरा नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचा मुलगा, हातात गिटार. जाहिरातींच्या जिंगल करता करता त्यांचे सूर जुळले आणि ते ‘चुलतभाऊ’ झाले. सरगम, इंग्रजी शब्द आणि गिटार एका गाण्यात सुखानं नांदू लागली.

मुंबई-पुण्याला ते नवल वाटलं असेल. आमच्या सोलापूरला ते ओळखीचं वाटलं. पूर्वभागात मागावर तेलुगू, बाळीवेशीत कन्नड, बेगमपेठेत उर्दू आणि कचेरीत मराठी. एका वाक्यात तीन भाषा आणणं ही आमची रोजची सवय. त्या अल्बममध्ये व्यासतीर्थांची कृष्णावरची कन्नड रचना होती. नवी पेठेतून आणलेली कॅसेट लावली, तेव्हा शेजारच्या अज्जी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून उंबऱ्यात येऊन बसल्या. गिटार त्यांना नवं होतं, कृष्ण जुना होता. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव की." त्याच सुमारास गावातले शहाणे मात्र ‘भजनाची खिचडी केली’ म्हणून नाकं मुरडत होते. ते चुकले होते, हे तीस वर्षांनीही मला ठामपणे सांगायचं आहे. अज्जींचा कान त्यांच्यापेक्षा मोठा होता.

त्याच दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली. घराघरांत पगार थांबले. कॅसेट घेणं सोपं नव्हतं, म्हणून घेतलेली कॅसेट दोन्ही बाजूंनी, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकली जायची. फीत अडकली की पेन्सिलीनं गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. त्या ऐकण्यात सबुरी होती.

पुढं १९९८ आणि २००१ मध्ये आणखी दोन अल्बम आले. मग वाहिन्यांवर पुन्हा सिनेमाचीच गाणी भरली, आणि ज्या कंपन्यांनी स्वतंत्र गायकांवर कमाई केली त्यांनीच हात आखडले. हे मला आजही माफ करवत नाही. २०१२ मध्ये दोघं ‘वन्स मोअर’ घेऊन परतले. आवाज मुरलेला होता, मैत्रीही ऐकू येत होती. पण ज्या दुकानातून मी पहिली कॅसेट घेतली, तिथं तेव्हा मोबाइलचं रिचार्ज मिळत होतं. नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, ‘अब्बा’ या पॉप गटाचे गायक चाळीस वर्षांनंतर नवा अल्बम घेऊन आले तेव्हा जगानं त्यांना डोक्यावर घेतलं. आपल्या माणसांचं परतणं मात्र गल्लीतही कळलं नाही.

याच हरिहरन यांना ‘जोगवा’तल्या मराठी गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गाणं भाच्याला पाठ आहे, कारण ते पिक्चरमधलं आहे. आज मिरवणुकीत डीजेच्या भिंतींपुढं छाती हादरते, शब्द कुठल्या भाषेतले तेही कळत नाही. गावात चारही भाषा अजून आहेत. त्या एकत्र बसून ऐकू येतील अशी शांतता उरलेली नाही.

जुने गायक परत आले म्हणून जुने दिवस परत येत नाहीत. ते आणायचे तर ऐकणाऱ्यांनी परतायला हवं. या रविवारी १९९६ चा तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता, घरातल्या लहानांना शेजारी बसवून ऐका. आणि तुमच्या पेठेतलं एखादं पोर स्वतःचं गाणं घेऊन आलं, तर ‘कुठल्या पिक्चरमधलं’ असं विचारू नका. त्याला म्हणा, "परत लाव की."