विश्लेषण : भर उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा लांबचा प्रवास… किलोमीटरपेक्षा घड्याळ महत्त्वाचे का?

शाळांना सुट्ट्या लागल्या की ताडोबाची सफारी, हेमलकसा आणि सिरोंचा असा चार-पाच दिवसांचा बेत अनेक कुटुंबे आखतात. नकाशावर हा प्रवास सोपा दिसतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत येथील ऊन जिवावर बेतू शकते. ते टाळण्यासाठी पहाटे किंवा सायंकाळी निघावे, तर त्याच वेळी जंगलही रस्त्यावर आलेले असते. हा पेच समजून घेतला तर प्रवास सुखाचा होतो.

येथील उन्हाळा किती तीव्र?

राजस्थानातील फलोदी येथे मे २०१६ मध्ये ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. चंद्रपूर वाळवंटात नाही, तरी मे २०१९ मध्ये येथील पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. जवळच्या ब्रह्मपुरीचे नावही उष्ण शहरांच्या यादीत वारंवार झळकते. समुद्रापासूनचे अंतर, निरभ्र आकाश आणि वायव्येकडून येणारे कोरडे, उष्ण वारे ही त्याची प्रमुख कारणे. मे महिन्याच्या अखेरीस सुरू होणारा नवतपा तर विदर्भात धास्तीचाच विषय.

‘जंगलातून जायचे आहे, सावली मिळेलच’ हा समजही चुकीचा ठरतो. येथील जंगल प्रामुख्याने पानगळीचे आहे. भर उन्हाळ्यात सागाची झाडे निष्पर्ण असतात. अनेक ठिकाणी मैलोन्‌मैल गाडी उभी करण्यापुरतीही दाट सावली सापडत नाही.

मार्ग कसा आणि अंतरे किती?

नागपूर ते चंद्रपूर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. वाटेत वरोऱ्याजवळ आनंदवन लागते. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली हा टप्पा साधारण ११० किलोमीटरचा. चामोर्शीजवळ वैनगंगेकाठी मार्कंडा हे प्राचीन मंदिर आहे. आलापल्लीहून दोन वाटा फुटतात. भामरागडकडे सुमारे ६५ किलोमीटर, तर सिरोंचाकडे सुमारे १०० किलोमीटर. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा येते. येथेच बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. याच वाटेवर जुन्या सागवानाचे राखीव वन, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’, आहे. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पूल ओलांडला की तेलंगण.

सर्व मिळून जाऊन-येऊन आठशे किलोमीटरच्या पुढे प्रवास होतो. महामार्गाच्या हिशेबाने हे दोन दिवसांचे काम वाटेल. पण उन्हाळ्यात हाच बेत त्याहून बऱ्याच अधिक दिवसांचा धरावा.

दिवसाचे वेळापत्रक कसे असावे?

पहाटे उजाडताना निघावे आणि अकराच्या आत मुक्कामी किंवा विश्रांतीच्या जागी पोहोचावे. अकरा ते चार या वेळेत गाडी चालवू नये. उरलेला छोटा टप्पा चारनंतर घ्यावा आणि अंधार पडण्यापूर्वी थांबावे. म्हणजे दिवसाला सहा-सात तासच हाती राहतात. एका दिवसात दीडशे किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवू नये, ते यामुळेच. दुपारच्या मुक्कामाची जागा आधीच ठरवावी. आलापल्लीच्या पुढे ऐनवेळी खोली मिळेलच याची खात्री नसते.

ताडोबा बेतात असेल तर आरक्षणाची तारीख आधी निश्चित करावी आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवावेत. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते. मार्कंडासारखे मंदिर सकाळीच पाहावे. दुपारी तापलेल्या दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही.

मग पहाट आणि सायंकाळ सुरक्षित का मानू नये?

खरा पेच येथे आहे. ज्या उन्हामुळे प्रवासी पहाटे निघतात, त्याच उन्हामुळे वन्यप्राणीही पहाटे आणि सायंकाळी पाण्याच्या शोधात फिरतात. चंद्रपूर-मूल रस्ता वाघांच्या वावराच्या जंगलातून जातो. गडचिरोलीच्या उत्तर भागात २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेल्या रानहत्तींचा वावर आहे.

त्याच वेळी माणसेही रस्त्यावर असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारी आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी कुटुंबे झुंजुमुंजू होताच जंगलात शिरतात आणि ऊन चढण्याआधी डोक्यावर ओझे घेऊन रस्त्याच्या कडेने परततात. या हंगामाच्या पैशांवर अनेक घरांची खरिपाची तयारी अवलंबून असते. त्यासाठी ते केवढा धोका पत्करतात, हे मे २०२५ मध्ये दिसले. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानांसाठी गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

त्यामुळे ‘रस्ता मोकळा आहे’ म्हणून पहाटे वेग वाढवणे हीच सर्वात मोठी चूक. जंगलपट्ट्यात ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवावा. एक हरीण रस्ता ओलांडून गेले तर मागे आणखी असतात, हे गृहीत धरावे. वाघ किंवा हत्ती दिसल्यास अंतर राखून थांबावे. गाडीतून उतरू नये, भोंगा वाजवू नये, छायाचित्रासाठी पुढे सरकू नये.

गाडीची कोणती तयारी हवी?

निघण्यापूर्वी कूलंट, बॅटरी, पंख्याचा पट्टा आणि एसी तपासून घ्यावा. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. धावल्यावर दाब वाढतो, म्हणून तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. स्टेपनी आणि जॅक सुस्थितीत हवेत. इंजिन तापल्यास गाडी बाजूला घेऊन बंद करावी. रेडिएटरचे झाकण लगेच उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते.

उन्हात उभ्या गाडीतील तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मुले, वृद्ध किंवा पाळीव प्राणी यांना ‘पाच मिनिटांसाठी’ही बंद गाडीत ठेवू नये. लायटर, सुगंधी फवाऱ्याचे डबे आणि पॉवर बँकही गाडीत सोडू नयेत.

वाळलेल्या पानांच्या थरावर गाडी उभी करू नये. तापलेल्या सायलेन्सरमुळे पाला पेटू शकतो. जंगलात चूल मांडणे किंवा विडी-सिगारेटचे थोटूक फेकणे याने वणवा लागू शकतो. पुढे धूर दिसला तर मागे फिरावे.

ऊन लागल्यास काय करावे?

माणशी दिवसाला किमान चार-पाच लिटर पिण्याचे पाणी गाडीत असावे, शिवाय गाडीसाठी वेगळे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. ओआरएसची पाकिटे, ताक, पन्हे, भिजवलेला दुपट्टा ही साधी साधने उपयोगी पडतात.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली लक्षणे. बोलण्यात असंबद्धता, शुद्ध हरपणे, अंग भाजल्यासारखे तापणे ही उष्माघाताची खूण. अशा वेळी रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा, मान आणि काखेत थंड कापड ठेवावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

इंधन, नेटवर्क आणि मदत?

आलापल्लीत टाकी पूर्ण भरूनच पुढे जावे. भामरागड आणि सिरोंचाच्या वाटेवर मोबाइलचे नेटवर्क अनेक ठिकाणी जाते. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा, रोख रक्कम जवळ ठेवावी आणि निघण्याची व पोहोचण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. पोलिसांसाठी ११२, वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक लिहून ठेवावेत.

सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक आष्टी-आलापल्ली मार्गावर धावतात, त्यामुळे येथे ओव्हरटेकची घाई नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. परिस्थिती बदलली असली तरी दुर्गम भागात रात्रीचा प्रवास टाळावा आणि रस्त्याची स्थिती स्थानिकांना विचारूनच पुढे जावे. नदीचे पात्र आटलेले दिसले तरी डोह खोल असतात. अनोळखी पाण्यात उतरू नये.

नवतप्याच्या दिवसांत लहान मुले, गर्भवती किंवा हृदयविकाराचे रुग्ण सोबत असतील तर बेत हिवाळ्यावर ढकलणे शहाणपणाचे. इतरांनी येथील माणसांचे वेळापत्रक पाळावे. सकाळी लवकर काम, दुपारी सावली, अंधारापूर्वी घर.