कॉम्प्रेसर गेला, असं म्हणण्याआधी

एप्रिल उजाडला की भडगावात गाडीचा एसी चैनीची वस्तू राहत नाही. गिरणाकाठचा हा पट्टा मे महिन्यात ४३-४४ अंशांवर सहज जातो. अशा दुपारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जळगावच्या दवाखान्यात न्यायचं तर बंद एसीची गाडी म्हणजे शिक्षाच. नेमका याच दिवसांत एसी बसतो, बॉनेट उघडलं जातं आणि दोन मिनिटांत निकाल लागतो: कॉम्प्रेसर गेला. मग घासाघीस सुरू होते ती पार्टच्या किमतीची. कंपनीचा घ्यायचा, बाहेरचा चालेल की भंगारातला बघायचा? कमी पैशांत काम निभवायचं असेल तर ही घासाघीस चुकीच्या जागी होते, असं माझं मत आहे. पैसा वाचतो तो सुरुवातीच्या तपासणीत आणि शेवटच्या सफाईत, आणि गिऱ्हाईक हात आखडता घेतं तेही याच दोन ठिकाणी.

आधी तपासणीचं बघू. कॉम्प्रेसर फिरत नाही म्हणजे तो मेला, असं नसतं. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरला पुढे विजेवर चालणारा क्लच असतो. इंजिन चालू असताना बेल्टवरची पुली कायम फिरते. एसीचं बटण दाबलं की कॉईलमध्ये चुंबक तयार होतो, पुढची चकती टक्कन पुलीला चिकटते आणि आतला शाफ्ट फिरू लागतो. चकती आणि पुली यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. झिजून ती वाढली की गाडी थंड असताना क्लच धरतो, तापल्यावर सोडून देतो. कॉईल जळलेली असू शकते, रिले किंवा फ्यूज गेलेला असू शकतो. कंडेन्सरसमोरचा पंखा मंदावला असेल, किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू बसून हवाच जात नसेल, तर गॅसचा दाब भलताच चढतो आणि प्रेशर स्विच स्वतःहून क्लच तोडतो. गॅस फार कमी झाला तरी हाच स्विच तोडतो. म्हणजे कित्येकदा कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी केलेली सोयच त्याच्या मरणाचा दाखला ठरते! इंजिन बंद करून पुढची चकती हाताने फिरवून पाहिली तरी बरंच कळतं. थोडा विरोध करत ती सलग फिरली तर आतला भाग जाम नाही. खरखरली किंवा हललीच नाही तर मात्र मामला गंभीर. (नव्या काही गाड्यांत क्लच नसतोच, त्यांना ही परीक्षा लागू नाही.) कॉईल किंवा क्लचचा सेट अनेक मॉडेलना सुटा मिळतो आणि त्याला अख्ख्या कॉम्प्रेसरचे पैसे मोजावे लागत नाहीत.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, एवढं कशाला, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरला की सीझन निघतो. निघतो खरा. पण गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नसतो. वर्षभरात संपला म्हणजे तो कुठूनतरी गळतोय. गळताना तो थोडं तेलही सोबत नेतो, आणि कॉम्प्रेसरला वंगण मिळतं ते गॅसबरोबर फिरणाऱ्या याच तेलातून. गॅस कमी पडला की तेल परत येत नाही, आणि मग खरोखर जाम होण्याची वेळ येते. शिवाय गेज लावून ‘प्रेशर आहे, म्हणजे गॅस आहे’ असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. चाळीस अंशांच्या उन्हात बंद गाडीच्या एसीतला आर-१३४ए गॅस साधारण १३० पीएसआय दाखवतो. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी काटा तिथेच थांबतो, मग भरती पूर्ण असो वा अर्धी. लहान गाडीत एकूण गॅसच ४०० ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे तो वजनकाट्यावर मोजूनच भरायला हवा. स्वस्त डब्यातल्या गॅसबद्दलही सावध राहिलेलं बरं. २०११ साली बनावट आर-१३४एमधल्या मिथाइल क्लोराइडची अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट झाले आणि तीन कामगार दगावले. गाडीच्या एसीतही बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच असतं. काही जण आर-१३४एच्या जागी एलपीजी भरतात. ज्वालाग्राही वायूने भरलेली कूलिंग कॉईल डॅशबोर्डमागे घेऊन घरच्यांना फिरवण्यात कसली बचत?

आता समजा कॉम्प्रेसर खरंच जाम झाला. इथे जुन्या मालाची बाजू मी पूर्णपणे मोडीत काढणार नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत मोडलेल्या गाड्यांचे पार्ट विकले जातात, आणि त्यांतला एखादा कॉम्प्रेसर पुढे अनेक वर्षं चालू शकतो. तोंडं बुचांनी बंद असावीत, शाफ्ट हाताने फिरावा, ओतलेलं तेल स्वच्छ असावं, एवढं बघून घ्यावं. कारण उघडा पडलेला कॉम्प्रेसर हवेतला ओलावा पितो. पण नवा असो की जुना, त्याचं आयुष्य ठरवतं ते बाकीचं सर्किट. जुना कॉम्प्रेसर आतून घासून गेला असेल तर त्याचा धातूचा कीस नळ्यांतून पुढे सरकलेला असतो. पाइप सोडवून आतलं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्यावं. स्वच्छ निघालं तर ठीक. काळपट आणि चमचमणारं निघालं तर नळ्या फ्लश करणं, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलणं आलंच. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्यांतला कीस धुऊन पुरता निघत नाही, म्हणून तोही बदलावा लागतो. बिल फुगतं ते इथे, आणि ‘ते राहू द्या, नुसता कॉम्प्रेसर टाका’ हे वाक्यही इथेच येतं. मग उरलेला कीस नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. खिशात मोजकेच पैसे असतील तर कंपनीच्या कॉम्प्रेसरऐवजी चांगला जुना घ्यावा आणि वाचलेले पैसे ड्रायर-कंडेन्सरवर घालावेत. उलटं करू नये.

तालुक्याच्या गावात एवढं करायला मशीन कुठे आहे, हा आक्षेप रास्त वाटतो. पण महागडं ऑटोमॅटिक मशीन यासाठी लागतच नाही. गेजचा सेट, व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि लिकेज शोधायला नायट्रोजनचं सिलिंडर एवढ्यावर भागतं, आणि घरगुती एसीचं काम करणाऱ्या मिस्त्र्याकडे यातलं बरंचसं असतं. कमी पडतो तो वेळ. व्हॅक्यूम अर्धा तास ओढून पंप बंद करावा आणि काटा जागेवर राहतो का ते आणखी थोडा वेळ पाहावं. मेमध्ये बाहेर चार गाड्या ताटकळत उभ्या असताना हे कोण करणार? म्हणून हे काम जानेवारी-फेब्रुवारीत काढणं शहाणपणाचं. मिस्त्री मोकळा असतो, आणि लिकेजची मजुरी वेगळी द्यायची तयारी दाखवली तर तो लिकेज मन लावून शोधतो. आपण फक्त गॅसचे पैसे द्यायचे आणि लिकेज फुकट शोधून मागायचं, असा व्यवहार त्याला तरी कसा परवडेल?

गाडी अगदीच म्हातारी असेल तर एसी सोडून देणं हाही हिशेब बरोबर ठरू शकतो. फक्त जाम झालेला कॉम्प्रेसर तसाच ठेवून गाडी फिरवू नये. क्लच सुटलेला असला तरी पुली बेल्टवर फिरतच असते, आणि तिचं बेअरिंग गेलं की बेल्ट जळतो किंवा तुटतो. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. आपल्या मॉडेलला कॉम्प्रेसर वगळून आखूड बेल्ट बसतो की त्याच्या जागी मोकळी पुली लावावी लागते, हे आधी विचारून घ्यावं.