चाकात लिहिलेला श्लोक

संस्कृत कवी माघाच्या ‘शिशुपालवध’ या महाकाव्याचा एकोणिसावा सर्ग वाचायला कागद-पेन्सिल घेऊनच बसावे लागते. सर्ग युद्धाचा आहे. कृष्ण आणि शिशुपाल यांची सैन्ये भिडतात, व्यूह रचले जातात आणि श्लोकांतली अक्षरेही व्यूहात उभी राहतात. हे माघाने जाणूनबुजून केले आहे. तो एका श्लोकात म्हणतोच, की सर्वतोभद्र, चक्र, गोमूत्रिका अशा श्लोकांनी महाकाव्य जसे अवघड होऊन बसते, तसे ते सैन्य व्यूहांमुळे अभेद्य झाले होते.

सर्गाच्या अखेरीस येणारे चक्र हा या कलेचा कळस. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे चरणाला १९ अक्षरे आणि श्लोकाला ७६. सहा आऱ्यांचे चाक काढायचे. पहिले तीन चरण हे चाकाचे तीन व्यास. प्रत्येक चरणाचे दहावे अक्षर मधल्या तुंब्यात पडते, म्हणून तिन्ही चरणांत ते एकच असावे लागते. चौथा चरण चाकाच्या धावेवरून फिरतो, वाटेत आऱ्यांच्या टोकांवरची अक्षरे उचलतो आणि निघाला तिथेच येऊन थांबतो. अशी ७६ अक्षरे ६७ घरांत बसतात. पण खरी गंमत पुढे आहे. आतली दोन कडी गोल फिरून वाचली, की एकातून काव्याचे नाव निघते आणि दुसऱ्यातून कवीचे. श्लोक नुसता ऐकणाऱ्याला ही सही कधीच सापडणार नाही. ती फक्त डोळ्यांसाठी ठेवलेली आहे.

या रचनांना चित्रबंध म्हणतात. पद्म, खड्ग, मुरज म्हणजे मृदंग, नाग असे त्यांचे किती तरी आकार आहेत. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात माघाच्या आधीच हा खेळ मांडला होता. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात त्याचे नियम सांगितले. त्यांतला सर्वांत सोपा बंध गोमूत्रिका, चालत्या बैलाच्या मुताची जमिनीवर उमटते तशी नागमोडी रेघ. तो कसा चालतो हे दाखवायला या लेखापुरत्या जुळवलेल्या दोन ओळी पाहा:

मनात जागतो पावा
वनात जाळतो दिवा

एकाखाली एक अक्षर येईल अशा ओळी लिहा. दुसरे, चौथे, सहावे आणि आठवे अक्षर दोन्हीकडे सारखेच आहे: ना, जा, तो, वा. आता वरच्या ‘म’पासून निघा, तिरके खाली ‘ना’वर उतरा, पुन्हा वर ‘त’वर चढा. असे वर-खाली करत गेलात तरी पहिलीच ओळ वाचून होते. खालच्या ‘व’पासून निघालात तर दुसरी.

पण त्या ओळींत दिवा का आला? वनाला त्याची गरज होती म्हणून नव्हे, शेवटी ‘वा’ हवा होता म्हणून. काश्मीरच्या आनंदवर्धनाचा आक्षेप नेमका इथेच आहे. नवव्या शतकातल्या ‘ध्वन्यालोका’त त्याने चित्रकाव्याला, म्हणजे ज्यात हे बंधही मोडतात त्या प्रकाराला, खरे काव्य मानायला नकार दिला, ती काव्याची नक्कल, असे तो म्हणतो. पुढे काव्यशास्त्रकार मम्मटानेही चित्रकाव्याला शेवटच्या पायरीवर बसवले. या दोघांचा धाक इतका, की आजही चित्रबंध म्हटले की अभ्यासक ‘शब्दांची कसरत’ म्हणून पान उलटतात. मला हा निकाल अर्धाच मान्य आहे. आकारासाठी अर्थ ओढून आणला तर कविता मरते, हे खरे. पण आकारच अर्थाचे काम करू लागला तर? रणांगणाच्या सर्गात अक्षरांनी व्यूह धरणे याला मी कसरत म्हणणार नाही.

आकार आणखीही कामे करतो. धारला परमारकाळातले शिलालेख आहेत, त्यांत संस्कृतची वर्णमाला आणि विभक्ती-क्रियापदांचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत कोरले आहेत. उज्जैनला आणि निमाडातल्या ऊन गावीही असे नागबंध आहेत. व्याकरणाचा रुक्ष तक्ता नजरेत ठसावा, लक्षात राहावा, यासाठी याहून चांगली युक्ती कोणती?

मराठीत ही हौस मोरोपंतांनी (१७२९–१७९४) मनसोक्त भागवली. बारामतीत बसून त्यांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते. निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लागू दिला नाही. काही रामायणांत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र ओळींच्या पोटात ओवला. पंतांना पांडित्याबद्दल बोल लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की हा मंत्र भक्ताने शोधून काढायचा आहे. तिथे वाचणे हाच जप होतो.

आधुनिक काळात हे काम चित्रकला शिकलेल्या कवींकडे आले, हे साहजिकच. अरुण कोलटकरांचा पेशा जाहिरातीतल्या ग्राफिक डिझाइनचा. त्यांच्या १९७६च्या इंग्रजी ‘जेजुरी’त शेतात नाचणारे कोंबडे-कोंबड्या येतात, तिथे ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थाचे शब्द पानभर उड्या मारतात. चक्रबंधातला नियम इथे उरलेला नाही, पण पानावरची जागा हीच कवितेची भाषा आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) स्वतः कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार, जे.जे.त आणि पवईच्या आयआयटीत त्यांनी शिकवले. अक्षराकडे त्यांनी आयुष्यभर चित्र म्हणून पाहिले. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. शासकीय पत्रापासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत लाखो मराठी माणसांनी एका कवीच्या हातची अक्षरे वापरली आहेत.

आज या परंपरेचे सर्वांत मोठे नुकसान छपाईत होते आहे. चित्रबंध छापताना आकृती गाळतात, उरतो फक्त न कळणारा श्लोक. मांडणीच्या कविता मोबाइलच्या पडद्यावर आल्या की ओळी मोडतात, मग कवीने सोडलेली कोरी जागा नाहीशी होते. प्रकाशकांनी श्लोकाशेजारी आकृती छापावी. कवितेचे पान मोडत असेल तर ते जसेच्या तसे चित्र म्हणून द्यावे. आणि वाचकहो, तुमच्या घरी जुन्या पोथ्यांचे बासन असेल तर ते एकदा सोडून बघा. अक्षरांनी भरलेले कमळ किंवा नाग दिसला तर पोथी रद्दीत घालू नका. पुण्यात भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाडे मंडळ आहे. त्यांपैकी जे जवळचे असेल तिथे ती दाखवा.