आधी जीव, मग पोट! तळ्याकाठच्या पाखरांचा हिशेब

मंडळी, दिवाळी सरली की आपल्या भागातल्या पाझर तलावांचं पाणी हळूहळू ओसरू लागतं. उघड्या पडलेल्या चिखलात काटकुळ्या पायांची, लांब चोचीची पाखरं धावताना दिसतात. शेकाट्या, चिखल्या, तुतारी, टिलवा ही त्यांची नावं. नरडाण्याच्या उत्तरेला तापी, तिच्यावर सुलवाडे बॅरेज आणि वरच्या अंगाला, जळगाव जिल्ह्यात, तापी-पूर्णा संगमाजवळचा हतनूर जलाशय. हा सारा पट्टा अशा पाखरांच्या सोयीचा. टिटवी इथलीच. टिलवा आणि तुतारी मात्र थंडीचे पाहुणे. ते पार सायबेरियाकडून येतात आणि उन्हाळ्यात परत जातात.

आता एक गोष्ट पाहा. तळं एकच, चिखलही सारखाच. पण एका काठाला पाखरांची दाटी आणि दुसऱ्या काठाला चिटपाखरू नाही, असं बरेचदा दिसतं. असं का व्हावं?

याचं उत्तर एखाद्या मेंढपाळाला विचारा. रात्री वाडा बसवताना तो फक्त चारा बघतो का? झुडपाला लागून वाडा बसवला तर लांडगा कधी आला ते कळायचंही नाही. पाखरांचा हिशेबही तोच. किडे-अळ्या कुठे जास्त, हे ते बघतातच. पण शत्रू किती लांबून दिसेल, हे त्याआधी बघतात.

शत्रू किती आणि कसे?

शिक्रा झाडाच्या आडून अचानक झेप घेतो. भोवत्या पाणगवतावरून अगदी खालून तरंगत येतो. थंडीत येणारा बहिरी ससाणा उंचावरून दगडासारखा कोसळतो. जमिनीवर कोल्हा, मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्री, तर रात्री घुबड. म्हणून झुडपाला लागलेला काठ कितीही सकस असला तरी पाखरं तिकडे जायला बिचकतात.

स्कॉटलंडमधल्या टाइनिंगहॅम खाडीवर विल क्रेसवेल या संशोधकानं १९९०च्या दशकात रेडशँक या लाल पायांच्या पाखरांचा अभ्यास केला. हे पाखरू हिवाळ्यात आपल्या देशातही येतं. तिथं झाडीजवळच्या गवताळ काठावर खाणं चांगलं मिळायचं, पण तिथंच शिकरा जातीचा पक्षी दबा धरायचा. उघड्या चिखलावर खाणं कमी, पण धोकाही कमी. कडाक्याच्या थंडीत भुकेनं कासावीस झालेली पाखरं, त्यातही पहिल्याच वर्षाची पिल्लं, झाडीकडे वळायची आणि बळी पडायची. पोटानं जिवावर मात केली की असं होतं.

दुसरं उदाहरण औषधाचं आहे. डी.डी.टी.मुळे ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची. अमेरिकेनं १९७२ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला. बंदीनंतर उत्तर अमेरिकेत ससाणे पुन्हा वाढले. मग काय झालं? कॅनडाच्या बाउंडरी बे या उपसागरावर भरतीच्या वेळी किनाऱ्यावर विसावणारी डनलिन पाखरं, विसावा सोडून, तासन् तास समुद्रावर उडत राहू लागली. पाखरं मारली तर जातातच. पण नुसत्या भीतीनंही त्यांची बसण्याची जागा बदलते.

विसावा कुठे?

झोपायच्या जागेचंही असंच. काठापासून दूर, घोटाभर पाण्यात किंवा मधल्या उघड्या बेटावर थवा एका पायावर उभा राहतो. कोल्हा-कुत्रं आलं तर पाणी वाजतं. डोळे अनेक असले की एक तरी उघडा असतो. आणि टिटवी ओरडली की सगळा थवा उठतो. आपण तिच्या ओरडण्याला अपशकुन म्हणतो. पाखरांना मात्र ती फुकटची जागल्या!

मग आपण काय करायचं?

शिकारी पक्ष्यांवर राग धरायचं कारण नाही. ससाणा आणि टिलवा यांचा खेळ फार जुना आहे. पण कुत्र्यांचे कळप आपण वाढवलेत. टिलव्याचं वजन जेमतेम २५-३० ग्रॅम. परतीच्या प्रवासाआधी त्याला अंगावर चरबी चढवावी लागते. दिवसातून दहा वेळा कुत्र्यानं उठवलं, तर खाल्लेलं उडण्यातच खर्च होतं.

म्हणून सरपंच, सदस्य आणि शेतकरी बंधूंनो, एवढं करा :

झाडं जरूर लावा, पण तळ्याच्या पाणथळ काठावर नको. पूररेषेच्या बाहेर लावा. मातीच्या बांधावर तर झाडं नकोतच, मुळं बांध पोखरतात. काठावर माजलेली वेडी बाभूळ काढा. निदान एक बाजू उघडी राहू द्या. 'पडीक' दिसणारा तो काठ पाखरांचं ताट आहे आणि अंथरूणही.

गाळ काढताना सगळीकडे उभा कडा करू नका, एका बाजूला उथळ उतार ठेवा. मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण तळ्याजवळ टाकू नका. तिच्यामागे कुत्री आणि कावळे येतात, मग ते पिल्लांवर आणि अंड्यांवरही जातात.

नांगरताना टिटवीची अंडी दिसली, तर तेवढी जागा सोडा आणि लगेच बाजूला व्हा. आपण भोवती घोटाळलो तर टिटवी उठते, अंडी उघडी पडतात आणि कावळ्याचं काम सोपं होतं. पाखरं धरणं, अंडी उचलणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हेही पोरांना सांगा.

यंदा वृक्षलागवडीचा विषय ग्रामसभेत निघाला, तर खड्डे कुठे घ्यायचे हे ठरवण्याआधी एकदा तळ्यावर चक्कर मारा. पाखरं कुठल्या बाजूला बसलीत ते बघा, आणि ती बाजू तेवढी मोकळी सोडा.